घरची खानेसुमारी

गेल्या महिन्यांत एका सायंकाळीं आमच्या पुतण्याचा मुलगा ओसरीवर बसून भूगोलाचा पाठ मोठ्यानें वाचीत होता. तो यंदा दहावींत आहे. बालभारतीनें २०१८ सालीं काढलेल्या त्या पुस्तकांत भारत व ब्राझील या दोन देशांची तुलना केलेली असून 'लोकसंख्या' हा त्यांतील एक स्वतंत्र पाठ आहे. घनता, लिंगगुणोत्तर, साक्षरता असे शब्द एकामागून एक ऐकूं येत होते. आमच्या वहिनी, म्हणजे त्या मुलाच्या आजी, माजघरांत वाती वळीत होत्या. त्यांनीं तेथूनच विचारलें, "अरे, ब्राझीलचीं माणसें मोजून झालीं, आतां आपल्या घरचीं किती तें सांग पाहूं." मुलानें बोटांवर मोजण्यास आरंभ केला. घरांत राहणारीं, पुण्यास असलेलीं, लग्न होऊन गेलेल्या आत्या, असें करीत करीत तो पणजोबांच्या भावंडांपाशीं येऊन अडला. त्याला जें येईना तें आम्हांसहि नीटसें सांगतां येईना. छत्तीस वर्षें शाळेंत लोकसंख्येचा धडा शिकविलेल्या मनुष्यास ही गोष्ट भूषणावह नव्हे; आणि म्हणूनच या महिन्याचें सदर त्या धड्यास देण्याचें आम्हीं ठरविलें आहे.

आमचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें आणि पुढें पाठशाळेंतील संस्कृत. शाळेंत आमची नेमणूक संस्कृतासाठीं झाली. परंतु नांदेड जिल्ह्यांतील तालुक्याच्या गांवीं शिक्षक थोडे आणि तास फार, त्यामुळें समाजशास्त्राचा तास ज्याच्या वेळापत्रकांत जागा मोकळी असेल त्याच्या वाट्यास येई. 'लोकसंख्या-शिक्षण' हा शब्द त्या वेळीं नवा होता. १९६९ सालीं मुंबईस या विषयावर एक राष्ट्रीय चर्चासत्र भरलें, आणि १९८० सालापासून राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेनें संयुक्त राष्ट्रसंघाच्या लोकसंख्या निधीच्या साहाय्यानें हा विषय शाळाशाळांतून आणण्याचा उपक्रम हातीं घेतला. ज्या विषयाचा उघड उच्चार केल्यामुळें रघुनाथ धोंडो कर्वे यांना प्राध्यापकाची नोकरी सोडावी लागली, ज्यांचें 'समाजस्वास्थ्य' मासिक १९२७ पासून १९५३ पर्यंत कित्येक सुशिक्षित घरांत उशीखालीं ठेवून वाचलें जाई, त्याच विषयाची एक बाजू आतां सरकारी पाठ होऊन आमच्या हातीं आली होती. तथापि कर्व्यांचा सारा भर स्त्रीच्या प्रकृतीवर व तिच्या इच्छेवर होता. आमच्या पाठांत तो नव्हता.

आमच्या पाठाचें सार एका शब्दांत सांगावयाचें तर 'स्फोट' हा तो शब्द होय. फळ्यावर आम्ही दोन आकडे लिहीत असूं: १९५१ सालीं देशांत ३६ कोटि माणसें, १९८१ सालीं ६८ कोटि. मग माल्थस या इंग्रज धर्मोपदेशकानें १७९८ सालीं मांडलेलें सूत्र येई कीं, माणसें गुणाकारानें वाढतात आणि अन्न बेरजेनें. धान्य अपुरें कां? माणसें फार म्हणून. शाळेंत बाकें अपुरीं कां? माणसें फार म्हणून. गांवांत पाणी नाहीं, रस्ता नाहीं, नोकरी नाहीं, तर त्याचेंहि उत्तर तेंच. हें उत्तर लिहिणाऱ्या मुलाचे गुण आम्हीं कधीं कापले नाहींत. एकच किल्ली जर सर्व कुलपांस लागूं लागली तर किल्लीविषयीं शंका यावयास हवी. ती आम्हांस आली नाहीं.

गांवच्या लोकांस मात्र ती आली होती. १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळांत शस्त्रक्रियेची सक्ति करणारें विधेयक आपल्या राज्याच्या विधिमंडळानें १९७६ सालीं संमत केलें होतें. राष्ट्रपतींची मान्यता न मिळाल्यामुळें त्याचा कायदा झाला नाहीं. परंतु देशांत अनेक ठिकाणीं शस्त्रक्रियेसाठीं माणसें आणून देण्याचें उद्दिष्ट शिक्षकांवरहि लादलें गेलें होतें, आणि खेड्यांतील लोक तें विसरले नव्हते. फळ्यावर लाल त्रिकोण काढणारा मास्तर त्यांच्या दृष्टीनें सरकारचाच मनुष्य होता.

१९८६ च्या सुमारास आठवीच्या वर्गावर हा पाठ चालू असतां आमच्या हातून एक गोष्ट घडली. पाठ मुलांच्या अनुभवाशीं जोडावा असा संकेत होता, म्हणून आम्हीं मुलांना भावंडांच्या संख्येप्रमाणें उभें राहावयास सांगितलें. प्रथम घरांत दोघें असलेलीं, मग तिघें, मग चौघें. शेवटीं मुलींच्या रांगेंतून एकच मुलगी उभी राहिली. ती घरांतील सातवी. वर्ग हंसला. आम्ही हंसलों नाहीं, पण त्याहून वाईट केलें. तिच्याकडे बोट दाखवून म्हणालों, "असें होऊं नये म्हणून हा पाठ आहे." ती मुलगी पुढें आठ दिवस शाळेंत आली नाहीं, आणि आली तेव्हां मागच्या भिंतीशीं बसूं लागली. पुढल्या वर्षीं तिचें नांव पटावर नव्हतें. लग्न झालें असें कळलें. तिचें वय तेव्हां पंधरांच्या पुढें खास नसेल.

या गोष्टीस अठरा वर्षें लोटल्यावर प्रवेशाच्या दिवसांत एक बाई आपल्या मुलीचें नांव घालण्यासाठीं शाळेंत आल्या. आम्हीं ओळखलें नाहीं. अर्ज भरून झाल्यावर त्या म्हणाल्या, "गुरुजी, मी तीच, सातवी." आम्हांस काय बोलावें तें सुचेना. त्याच पुढें म्हणाल्या, "त्या दिवशीं घरीं जाऊन मी मायला विचारलं होतं, मी जास्तीची आहे का म्हणून. माय म्हणाली, तुझ्या आधींचे दोन लेकरं गेले, दोन्ही पोरंच होते. म्हणून तूं आलीस." बाईंच्या बोलण्यांत राग नव्हता. त्यांना स्वतःला दोनच अपत्यें होतीं आणि दोन्ही धडधाकट होतीं. क्षमा मागावी असें आमच्या मनांत आलें. पण त्यांच्या मुलीच्या अर्जावर शिक्का मारून देण्यापलीकडे त्या वेळीं आमच्या हातून कांहीं झालें नाहीं.

त्या माउलीनें सांगितलेली गोष्ट आमच्या पाठांत नव्हती. आम्ही जन्म शिकवीत होतों, मृत्यु शिकवीत नव्हतों. १९७१ सालीं आपल्या देशांत जन्मलेल्या दर हजार अर्भकांपैकीं १२९ वर्षाच्या आंत दगावत. २०२० सालीं हा आकडा २८ वर आला, आणि महाराष्ट्रांत तर १६ वर. त्याहून मागें गेलें तर १९११ व १९२१ या दोन खानेसुमाऱ्यांच्या दरम्यान देशाची वस्ती वाढण्याऐवजीं किंचित् घटलेली दिसते, कारण मध्यें १९१८ ची इन्फ्ल्युएंझाची सांथ येऊन गेली. पाळणे तेव्हां काय थोडे हालत होते? पण जितके हालत तितकेच रिकामे होत. पुढें संख्या वाढली ती माणसें अधिक जन्मूं लागलीं म्हणून नव्हे, तर कमी मरूं लागलीं म्हणून. ही वाढ म्हणजे मृत्यूवर मिळविलेल्या जयाचा हिशेब आहे, आणि आम्ही तो मुलांना अपराधाचा हिशेब म्हणून शिकवीत होतों. आपलीं लेकरें जगतात अशी मातांची खात्री पटल्यावर, मुली शाळेंत टिकल्यावर आणि लग्नाचें वय वाढल्यावर घरें आपोआप लहान होतात. त्या बाईंच्या एका पिढींतच हें घडलेलें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें.

आतां ओसरीवरील त्या सायंकाळीकडे वळूं. वहिनींनीं देवघरांतील फडताळांतून तांबड्या फडक्यांत बांधलेलें जन्मपत्रिकांचें बासन आणून मुलापुढें ठेविलें. अशीं बासनें आमच्या बहुतेक वाचकांच्या घरीं असतील. आमच्या आजोबांच्या अपत्यांच्या नऊ पत्रिका त्यांत निघाल्या. त्यांपैकीं संसार केलेले चौघे. उरलेल्या पांच पत्रिकांतील ग्रह कोणाच्या उपयोगीं पडले नाहींत. मुलगा कांहीं वेळ गप्प होता. नंतर, नुकताच लिंगगुणोत्तराचा परिच्छेद वाचलेला असल्यामुळें, त्यानें विचारलें, "नऊच्या नऊ मुलगेच कसे?" आमच्या दोन आत्या आम्हीं स्वतः पाहिलेल्या, पण त्यांच्या पत्रिका बासनांत नाहींत. मग उलगडा झाला. पत्रिका मांडली जाई ती मुलग्याची. मुलगी जगून लग्नास आली म्हणजे तिची मागाहून करीत, आणि ती तिच्याबरोबर सासरीं जाई. ज्या मुली जगल्या नाहींत त्या किती होत्या, हें सांगणारा कागद या घरांत नाहीं. सुशिक्षित म्हणविणाऱ्या घराच्या दप्तरांत एवढी मोठी गळती असूं शकते, हें आमच्या पुतण्याच्या मुलास जसें उमगलें तसें भूगोलाच्या कोणत्याहि आलेखावरून उमगलें नसतें.

पूर्वीं मुलगी मोजली जात नसे. अलीकडे तर तिला जन्मासच येऊं दिलें गेलें नाहीं. २०११ च्या खानेसुमारींत महाराष्ट्रांत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागें ८९४ मुली भरल्या. लातुरास लागून असलेल्या बीड जिल्ह्यांत केवळ ८०७. निसर्गाच्या हिशेबानें त्या सुमारें साडेनऊशें असावयास हव्यात. गर्भलिंगतपासणीस आळा घालणारा कायदा महाराष्ट्रानें १९८८ सालीं, इतर राज्यांच्या आधीं, केला, आणि केंद्राचा कायदा १९९४ सालीं झाला; तरी हा आकडा २०११ चा आहे. हें पाप अज्ञानाच्या माथीं मारतां येत नाहीं. त्याला यंत्र लागतें, पैसा लागतो आणि तें यंत्र चालविणारा शिकलेला मनुष्य लागतो. 'दोनच पुरेत' एवढेंच आम्हीं शिकविलें आणि मुलगी मुलग्याएवढीच हें शिकविण्याचें राहिलें. तेव्हां दोहोंत एक तरी मुलगा हवाच असा अर्थ लोकांनीं लाविला, आणि त्या अर्थाची किंमत मुलींनीं दिली. आमच्या अर्धवट शिकवणीचा यांत कांहींच भाग नाहीं असें आम्हांस म्हणवत नाहीं.

आतां 'माणसें फार' या किल्लीची परीक्षा करूं. १९५०-५१ सालीं देशांत अन्नधान्य पिकलें सुमारें ५ कोटि टन. २०१०-११ सालीं २४ कोटि टनांहून अधिक. याच काळांत माणसें ३६ कोटींवरून १२१ कोटींवर गेलीं. म्हणजे माणसें साडेतीनपटींच्या आंत वाढलीं आणि धान्य पांचपटींच्या जवळ पोंचलें. तरीहि कोणी उपाशी राहत असेल तर त्याचें कारण माल्थसापाशीं न शोधतां वांटणींत शोधलें पाहिजे.

लातूरच्या पाण्याची गोष्ट तर आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढची. एप्रिल २०१६ मध्यें मिरजेहून पाण्याची आगगाडी लातुरास आली. पहिल्या खेपेस ५ लाख लिटर, पुढें एका खेपेस २५ लाख. मांजरा नदीवरील धनेगांवचें धरण कोरडें पडलें होतें. शहर फार वाढलें म्हणून पाणी संपलें, असें उत्तर आमच्या जुन्या विद्यार्थ्यानें लिहिलें असतें. पण आठवीच्या मुलासहि करतां येण्याजोगा एक हिशेब आहे. २०११ सालीं शहराची वस्ती ३ लाख ८३ हजारांच्या आंतबाहेर होती. ती ४ लाख धरूं. दर माणशीं रोज १०० लिटर धरलें तर रोजचे ४ कोटि आणि वर्षाचे १४६० कोटि लिटर होतात. पाटानें पाणी दिलेल्या उंसास हेक्टरीं निदान २ कोटि लिटर लागतें. भागाकार केला तर ७३० हेक्टर उंसास जेवढें पाणी लागतें तेवढ्यांत सारें लातूर शहर वर्षभर पिऊं शकतें, रांधूं शकतें आणि धुऊं शकतें. मांजरेच्या खोऱ्यांत ऊंस याच्या कितीतरी पटींनीं अधिक आहे. यांत शेतकऱ्यास दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. उंसास ठरलेला भाव मिळतो आणि ज्वारीस मिळेल याची शाश्वति नसते, मग त्यानें काय करावें? इतकेंच म्हणावयाचें कीं, डोकीं मोजून जें उत्तर निघत नाहीं तें डोकीं मोजूनच काढण्याचा हट्ट शिक्षकानें धरूं नये.

माणसें केवळ जन्मतात आणि मरतात असेंहि नाहीं. तीं जातात व येतात. हा धडा आमच्या भागांतील प्रत्येक शिक्षकाच्या टेबलावर हजेरीपटाच्या रूपानें पडलेला असतो. दिवाळी झाली कीं कंधार, मुखेड, लोहा या तालुक्यांतून ऊंसतोडीच्या टोळ्या निघतात, आणि पटावर गैरहजेरीच्या खुणांची रांग लागते. उलट जून उजाडला कीं 'लातूर पॅटर्न'च्या कीर्तीनें बाहेरगांवचीं मुलें लातुरास येऊन खोल्या भाड्यानें घेतात. २०११ ची माणसांची गणना ९ ते २८ फेब्रुवारी या दिवसांत झाली. त्या वेळीं मुखेडच्या तांड्यावरील कुटुंब कारखान्याच्या फडावर असेल तर तें कोणत्या गांवीं मोजलें गेलें? हा प्रश्न वर्गांत घालून पाहावा. ज्या मुलाचे आईबाप फडावर आहेत तें मूल त्या दिवशीं सर्वांच्या पुढें बोलेल. २०११ च्या गणनेप्रमाणें नांदेड जिल्ह्याची वस्ती ३३ लाख ६१ हजार व लातूरची २४ लाख ५४ हजार, हे आकडे पाठ करून घेण्यास हरकत नाहीं. परंतु त्या आकड्यांत कोण आलें व कोण सुटलें हें विचारण्याची संवय त्याहून मोलाची. आणि ज्या किल्लारीच्या परिसरांत ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपानें हजारों माणसें एका क्षणांत नेलीं, तेथील वर्गांत 'माणसें फार झालीं' हें वाक्य शिक्षकानें कोणत्या तोंडानें उच्चारावें?

'स्फोट' हा शब्द अद्याप भाषणांतून ऐकूं येतो, म्हणून आणखी एक आकडा सांगणें अवश्य आहे. एका स्त्रीस सरासरी किती अपत्यें होतात याची राष्ट्रीय पाहणी १९९२-९३ सालीं झाली तेव्हां देशाचा आकडा ३.४ होता, २०१९-२१ च्या पाहणींत तो २.० आणि महाराष्ट्राचा १.७ निघाला. पिढीच्या जागीं पिढी उभी राहण्यास २.१ लागतात. मग २०२३ सालीं संयुक्त राष्ट्रसंघाच्या अंदाजाप्रमाणें आपण चीनलाहि मागें टाकलें, तें कसें? कारण मागील पिढींत जन्मलेल्या मुली आज माता होण्याच्या वयाच्या आहेत. प्रत्येकीस दोनच अपत्यें झालीं तरी माताच पुष्कळ, म्हणून अपत्यें पुष्कळ. हा ओघ कांहीं वर्षांनीं ओसरेल, आणि आज जीं मुलें बाकांवर बसलीं आहेत त्यांना पुढें गर्दीपेक्षां घरांतील वृद्धांची चिंता अधिक वाहावी लागेल. खरी काळजीची गोष्ट निराळीच आहे. त्याच पाहणींत महाराष्ट्रांतील वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकीं दर शंभरीं सुमारें बावीस जणींचें लग्न अठराव्या वर्षाच्या आंत झालेलें आढळलें. आमच्या शेजारच्या परभणी जिल्ह्यांत तर जवळजवळ निम्म्यांचें. पाठ शिकवावयाचा तर तो येथें शिकवावा. मात्र 'माणसें कमी व्हावींत' म्हणून शिकवूं नये, त्या मुलीचें शिक्षण व तिचें आयुष्य तिचें तिला मिळावें म्हणून शिकवावा.

आमची वाचकांस विनंति साधी आहे. २०२१ ची खानेसुमारी महासांथीमुळें होऊं शकली नाहीं. ती २०२७ सालीं करण्याचें शासनानें २०२५ मध्यें जाहीर केलें. सरकारचा गणक दारीं येईल तेव्हां येईल. तोंवर घरांत वडील माणसें हयात आहेत, तोंच मुलांना एक कोरी वही द्यावी आणि आजी-आजोबांपाशीं बसवावें. रकाने थोडेच: नांव, जन्माचें साल, किती वर्षें जगलें, लग्न कितव्या वर्षीं झालें, अपत्यें किती झालीं व किती जगलीं, गांव सोडून कोठें गेलें. चार पिढ्या भरल्या कीं मृत्यूचें प्रमाण कसें उतरलें, लग्नाचें वय कसें चढलें, घरें कशीं लहान झालीं, हें मूल आपल्याच माणसांच्या नांवांनीं वाचील, आणि पुस्तकांतील आलेख त्याला परका वाटणार नाहीं. दोन पथ्यें मात्र पाळावीं. सासरीं गेलेल्या व लहानपणीं गेलेल्या मुलींस वहींतून गाळूं नये. आणि कितवेंहि अपत्य असो, त्याच्या नांवापुढें तें जास्तीचें असा शब्द किंवा तशी नजर येऊं देऊं नये.

आमच्या घरची वही सुरू झाली आहे. वहिनींनीं आपल्या सासूबाईंच्या तोंडून ऐकलेल्या दोन मुली आठवून सांगितल्या. एक देवी येऊन गेली, दुसरी कशानें गेली तें कोणास ठाऊक नाहीं. नांवें वहिनींनाहि आठवेनात. मुलानें नांवाचे रकाने मोकळे ठेविले, पण अनुक्रमांक घातले आहेत.